बिंगजियाओ 'नशिबाने' फायनलला गेली म्हणणाऱ्यांसाठी

बॅडमिंटनपटू हे बिंगजियाओ ('हे' हे तिचं आडनाव) चीनच्या राष्ट्रीय संघातून निवृत्त होतेय अशी बातमी आली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच मेसेज पडला, "तीच ना, मारिनचा गुडघा गेला म्हणून फायनलला पोचलेली?" मी राहतो चीनमधल्या सुझोऊत आणि बिंगजियाओ याच गावची. वयाच्या 27व्या वर्षी खेळ थांबवणाऱ्या मुलीची एवढीच ओळख? फार लागलं ते मला.

2024च्या पॅरिस ऑलिंपिकची ती सेमीफायनल सगळ्यांना आठवते. स्पेनच्या कॅरोलिना मारिनने पहिला गेम 21-14 असा घेतला होता, दुसऱ्यातही ती पुढे होती आणि एका उडीनंतर गुडघा धरून कोसळली. मारिन जिंकत होती, हे मलाही मान्य आहे. पण त्याच्या आदल्या सामन्याबद्दल कुणी बोलतच नाही! क्वार्टरफायनलला समोर चेन यूफेई होती, आधीच्या टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती. वर्षानुवर्षं एकाच संघात सराव केलेल्या, एकमेकींचा प्रत्येक फटका पाठ असलेल्या दोघी. तिथे बिंगजियाओने सरळ दोन गेममध्ये सामना काढला. त्यात कुणाचा गुडघा गेला नव्हता.

आणि त्याच्याही आधी आपली सिंधू. 21-19, 21-14. इथे मध्यरात्र उलटली होती, मी एकटाच टीव्हीसमोर, आणि तो पहिला गेम हातातून गेला तेव्हा फार वाईट वाटलं. टोकियोत कांस्यपदकासाठी सिंधूने हिलाच 21-13, 21-15 असं हरवलं होतं, तेही आधीच्या लढतींत बिंगजियाओचं पारडं जड असताना. सिंधूची दोन ऑलिंपिक पदकं, हिचं एक. इथल्या ऑफिसात विषय निघाला की हे मी आवर्जून ऐकवतो. पण पॅरिसमधल्या त्या रात्री बिंगजियाओ सरस खेळली.

माझी मुलगी ज्या हॉलमध्ये शिकायला जाते, तिथल्या प्रशिक्षकांना मी भारतीय आहे हे माहीत आहे. त्या सामन्यानंतर भेटले तर जिंकल्याचं एका शब्दाने बोलले नाहीत. सिंधूच्या उंचीवरून येणाऱ्या स्मॅशबद्दलच बोलत राहिले. मग डाव्या हातावर शटलची चळत घेऊन नेटपाशी उभे राहिले आणि एकामागून एक शटल कोपऱ्यात टाकू लागले. मुली धावतात, मारतात, मध्यावर परत येतात. शेवटी त्याच मुली लांब झाडूने कोर्टभर पडलेली शटलं गोळा करतात. पुण्याहून घरचे मला विचारतात, पोरीला त्या चिनी खेळाडू घडवणाऱ्या यंत्रात कशाला घातलंस? माझी मुलगी तिथून हसत बाहेर येते. आपल्याकडे क्लासच्या वेळापत्रकात खेळाला जागा उरत नाही, त्याचं काय?

बिंगजियाओ डावखुरी. 2014 साली नानजिंगच्या युवा ऑलिंपिकमध्ये जपानच्या अकाने यामागुचीला हरवून सुवर्ण जिंकली, म्हणजे तिच्या स्वतःच्याच प्रांतात. नंतर मात्र 2018 आणि 2021च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, हांगझोऊच्या एशियाडमध्येही कांस्य. दहा वर्षं मोठ्या सुवर्णाच्या दाराशी राहिलेली मुलगी शेवटी ऑलिंपिक फायनलला पोचली, तेही अशा रीतीने.

फायनल तिने दक्षिण कोरियाच्या आन से-यंगकडून 21-13, 21-16 अशी गमावली. पदक घ्यायला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात स्पेनच्या ऑलिंपिक समितीचा छोटासा बिल्ला होता, मारिनसाठी. आयुष्यातल्या एकुलत्या एक ऑलिंपिक पदकाच्या फोटोत तिने जखमी प्रतिस्पर्ध्याला जागा दिली. असं कुणी चिनी खेळाडू करेल, असं आपल्याकडे किती जणांना वाटलं असतं?

ग्रुपवर मी एवढंच उत्तर दिलं: चेन यूफेईविरुद्धचा सामना पूर्ण पाहा, मग बोलू. अजून कुणी पाहिलेला नाही.