दिव्यांग तपासणी पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात पडलं. पिवळं, म्हणजे अपंगत्व ४० टक्के किंवा वर, ८०च्या आत. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या जिन्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

ऑनलाइन अर्जाचं विशेष काही नाही. स्वावलंबन पोर्टलवर कागद चढवले, तारीख मिळाली. गाडं अडलं ते सरकारी रुग्णालयात. अस्थिव्यंगांची तपासणी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्टच्या दाराला सुतळीने बांधलेला पुठ्ठा: 'बंद'. पोलिओमुळे माझ्या उजव्या पायात लहानपणापासून कॅलिपर, पाय ताठ धरणारा आधार. कठडा धरून, ताठ पाय ओढत एकेक पायरी चढलो. माझ्या पुढे एक मावशी पायऱ्यांवर बसून, उलट्या सरकत वर चालल्या होत्या. फाइल दातात धरलेली. वर पोचलो तर खिडकीवरचा म्हणतो, केसपेपर खालून काढून आणा. परत खाली, परत वर. आणि मग टेबलापलीकडून प्रश्न आला, "जिना चढून आलात ना? मग चालता येतंय की!"

"लिफ्ट चालू असती तर चढलो नसतो, साहेब," एवढंच म्हणालो.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा नेमकं हेच सांगतो, की शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडली की माणूस मागे पडतो. १९९५च्या कायद्याची व्याख्या नुसती वैद्यकीय होती. म्हणजे नव्या कायद्याच्या हिशेबाने ती बंद लिफ्टही माझ्या अपंगत्वात धरायला हवी. टेबलावर मात्र पायच मोजतात: स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, दोन पायांच्या लांबीतला फरक. जिन्याला रकाना नाही. नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण सगळं त्या ४०च्या रेषेवर अडलेलं. ३९वाल्याने काय करायचं? शिवाय जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा, असं कलम ४५ म्हणतं. नियम २०१७चे, म्हणजे मुदत २०२२मध्येच संपली.

जाणार असाल तर सोबत धडधाकट माणूस न्या आणि केसपेपर आधी खालीच काढून घ्या. लिफ्ट बंद असेल तर चढू नका. तपासणी खाली करा असा अर्ज द्या, पोच घ्या. टक्के कमी वाटले तर कलम ५९खाली अपील करता येतं. हो, आधारवर जसं नाव आहे तसंच पोर्टलवर भरा, हे आधीच सांगायला हवं होतं. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात ७५,००० रुपयांची वजावटही मिळते.

लिफ्टची तक्रार पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मी ती कार्ड आल्यावरच टाकली. आधी टाकली तर टक्के कापतील अशी धास्ती होती, आणि ती खरी की खोटी हे स्वतःच्या पायावर तपासून बघायची माझी तयारी नव्हती.