चित्राचा दर ठरवताना मी जिथे अडकले

तीन वर्षांपूर्वी मी इन्स्टाग्रामवरून जलरंगातील व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी घेऊ लागले. मागणीवरून चित्र काढून देण्याला चित्रकार कमिशन म्हणतात, पण ‘मी कमिशन घेते’ असे सांगितल्यावर मावशीला मी जमिनीच्या व्यवहारात पडले असे वाटले होते, त्यामुळे मी ऑर्डर हाच शब्द वापरते. पहिला दर मी विचार करून ठरवलाच नव्हता. चार-पाच चित्रकारांची पाने पाहिली, त्यांतील सर्वांत कमी दरातून आणखी शंभर रुपये वजा केले आणि ए-थ्री आकाराच्या चित्राला, माणसे कितीही असोत, २,५०० रुपये असे लिहून टाकले. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेल्या आणि आठ वर्षे शाळेत मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घेतलेल्या बाईने स्वतःच्या कामाचा हिशेब असा करावा, याचा मला आजही संकोच वाटतो.

सुरुवातीच्या ऑर्डरी सुरळीत गेल्या. मग पुण्यातील एका कुटुंबाची ऑर्डर आली. आजोबांच्या अमृतमहोत्सवासाठी पाच जणांचे एकत्र चित्र हवे होते आणि त्यात दिवंगत आजीही हव्या होत्या. त्यांचा एकच फोटो उपलब्ध होता, एसटीच्या जुन्या पासावरचा, कृष्णधवल आणि कानावर शिक्का उमटलेला. पेन्सिलीचे रेखाटन मी नातवाला पाठवले, त्याने ‘मस्त’ असे उत्तर दिले आणि मी रंगकामाला लागले. ते रेखाटन त्याने घरात कोणालाच दाखवले नव्हते, हे मला रंगवलेले चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्यानंतर कळले.

पुढचे अठरा दिवस त्या गटाचे होते. आत्यांना आजींचे कुंकू लहान वाटले. काकूंना आठवले की ती साडी निळी नव्हतीच, मोरपंखी होती. काकांनी पोटाचा उल्लेख टाळून ‘उजेड जरा बाजूने घेता येईल का’ असे विचारले. आजी रोज नथ घालत होत्या की केवळ सणासुदीला, यावर घरात चार दिवस एकमत होत नव्हते आणि ते चार दिवस मी ब्रश धुऊन बसले होते. प्रत्येक सूचनेच्या शेवटी ‘छोटासाच बदल आहे’ असे शब्द असत. जलरंगात छोटा बदल कसा असतो ते येथे सांगायला हवे. मी वापरलेला थॅलो निळा कागदात मुरतो. तो ओल्या ब्रशने उचलायला गेले तर डाग फिकट होऊन तसाच राहतो, जास्त घासले तर कागदाचा वरचा थर सुटतो, आणि त्यावरच हिरवा चढवला तर रंग मळकट दिसतो. म्हणजे साडी बदलायची तर चित्र नव्या कागदावर पुन्हा काढायचे. ते मी निम्मे काढले असतानाच नातीचा साखरपुडा ठरला आणि होणाऱ्या जावईबापूंना ‘मागे कुठेतरी’ उभे करण्याची विनंती आली. मी त्यांनाही उभे केले, कारण माझ्या दरपत्रकात बदलांविषयी एक ओळही नव्हती आणि नाही म्हणायला मला आधार नव्हता.

मी रोजचे तास दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहीत असे, तेवढी एक सवय उपयोगी पडली. चित्राला सोळा तास, फोटो व निरोपांना तीन आणि बदलांना तेरा, असे एकूण बत्तीस तास झाले होते. कागद, रंग, पॅकिंग आणि कुरिअरचे ४७० रुपये वजा करता २,०३० रुपये उरले, म्हणजे तासाला सुमारे ६३. बदल नसते तर तोच आकडा १०७ झाला असता, आणि तोही कमीच होता, कारण घरी चालणाऱ्या चित्रकलेच्या वर्गातून मला तासाला २५० रुपये सुटतात.

नवा दर मी त्या २५० वरूनच बांधला. ए-फोर आकाराच्या, एका माणसाच्या चित्राला निरोपांसह सात तास लागतात. त्यांचे १,७५० आणि साहित्याचे २५० मिळून २,००० रुपये. पुढच्या प्रत्येक चेहऱ्याला चार तास, म्हणून १,००० रुपये, आणि ए-थ्री कागदाचे ३०० अधिक. या हिशेबाने पुण्याचे ते चित्र, जावईबापू धरण्यापूर्वीच, ६,३०० रुपयांचे होते. कुरिअर मी आता वेगळे लावते. पेन्सिलीच्या टप्प्यावर दोन बदल दरातच धरलेले असतात, रंग लागल्यानंतरचा प्रत्येक तास वेगळा मोजला जातो, आणि घरातर्फे एकाच व्यक्तीने बोलावे ही अट मी निम्मी रक्कम आगाऊ घेण्यापूर्वीच लेखी मान्य करून घेते. नवा दर लावल्यावर पहिल्या महिन्यात सात चौकशा आल्या आणि दोनच टिकल्या, तरी हातात पूर्वीइतकेच पैसे आले आणि रविवार मोकळा मिळाला.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. एका मसाला विक्रेत्याने आपल्या आजीचे चित्र पाकिटावर छापण्यासाठी घरगुती दरातच मागितले, तेव्हा मी प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ उघडून पाहिला. त्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, चित्र करवून घेणारा असतो, चित्रकार नव्हे. मी इतकी वर्षे नेमके याच्या उलट समजत होते. त्यामुळे ‘केवळ घरगुती वापरासाठी, हक्क चित्रकाराकडे’ ही ओळ आता प्रत्येक ऑर्डरीत असते आणि छपाईच्या वापराला मी तिप्पट दर सांगते. हक्क लिहून द्यायचेच असतील तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा, नाहीतर कायदा ५ वर्षे आणि भारत असे धरतो.

नात्यातील चित्रांचा दर मात्र मला अजून ठरवता आलेला नाही. नणंदेच्या वास्तुशांतीसाठी केलेल्या गणपतीला बावीस तास लागले. त्याबद्दल मला साडी मिळाली, आणि गणपतीचे कान जरा मोठे हवे होते असेही ऐकायला मिळाले.