आमची वाटचाल: हनुवटीपासून कपाळापर्यंत

सह्याद्रीत ट्रेक नेता नेता आम्ही गुलमर्गला पोचलो. पहिल्या तुकडीत चौदा जण होते, बहुतेक पुण्या-साताऱ्याकडचे. बर्फावर कुणी कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. स्की, म्हणजे पायांत अडकवून बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, तिथे भाड्याने मिळतात, एवढ्याच माहितीवर मी निघालो होतो. दुकानात ज्याच्या हाती जी जोडी आली ती त्यानं घेतली.

साताऱ्याच्या एक शिक्षिका होत्या, उंची जेमतेम पाच फूट. त्यांना १७० सेंटीमीटरची जोडी मिळाली. "दादा, ही माझ्या डोक्याच्या वर जाते हो," त्या म्हणाल्या. "होईल सवय, ताई," मी म्हटलं. नवख्यानं वेग आवरायचा तर स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची, पाचरीसारखी. त्यांना मागची टोकं रेटताच येईनात. पुढची एकमेकींवर चढायची आणि त्या कोसळायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघा मुरगळला. उरलेले चार दिवस त्या खोलीच्या खिडकीतून आम्हाला बघत बसल्या. चूक सर्वस्वी माझी होती.

त्या संध्याकाळी आमच्या काश्मिरी प्रशिक्षकांनी दोन स्की तळाला तळ लावून माझ्या हातात दिल्या. मधे फट दिसत होती. "दाबून बघा," ते म्हणाले. स्की ही कमान असते आणि ती वाकवते माणसाचं वजन, हे मला तेव्हा कळलं. हलक्या माणसाला लांब, ताठ स्की वाकत नाही, म्हणून वळतही नाही. भारदस्त माणसाला आखूड दिली तर वेगात ती थरथरते, तिची कड बर्फात रुतत नाही. उंची हा नुसता अंदाज. खरा हिशेब वजनाचा आणि सरावाचा.

हात वर करून मनगटापर्यंतची स्की घ्या, हा सल्ला अजूनही कानावर येतो. तो सरळ स्कीच्या काळातला, तेव्हा २०० सेंटीमीटरची जोडी नेहमीची होती. १९९०च्या दशकात कमरेत, म्हणजे मधोमध, बारीक आणि टोकांना रुंद अशी कार्व्हिंग स्की आली. ती कडेवर कलली की आपोआप वळते, त्यामुळे लांबी बरीच उतरली. आता नवख्याला हनुवटीपर्यंत, सरावलेल्याला नाकापासून कपाळापर्यंत.

पुढच्या हंगामाआधी मी कर्ज काढून वापरलेल्या स्की घेतल्या, बहुतेक १३५ ते १५५च्या. आपल्याकडच्या बायकांच्या आणि हलक्या चणीच्या पोरांच्या मापाच्या जोड्याच भाड्याच्या दुकानात सगळ्यात आधी संपतात. गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात एक खोली घेऊन त्या तिथे ठेवल्या. एक जोडी पुण्याच्या ऑफिसात आहे. पावसाळ्यात तिच्या पोलादी कडांना गंज चढतो म्हणून पुसून, मेण लावून ठेवावी लागते. नोंदणीला येणारा प्रत्येकजण तिच्याशेजारी उभा राहतो, मग आतल्या खोलीत काट्यावर. वजन चारचौघांत विचारायचं नाही, हा आमचा नियम आहे. १५८ सेंटीमीटर उंच, ५४ किलोच्या नवख्या बाईला १४०ची स्की. १७८ उंच, ८८ किलोच्या गड्याला १६०.

वाद होतो तो ट्रेकर पोरांशी. राजगड-तोरणा एका दमात केलेला असतो, त्यांना लांबच स्की हवी असते. पायातली ताकद चढायला उपयोगी, पण वळणं शिकावीच लागतात. मी त्यांना आखूडच देतो. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यानं, जवळपास ४,००० मीटरवर, अफरवट डोंगराच्या भुसभुशीत बर्फात उतरायची वेळ आली की हिशेब उलटतो. तिथे तरंगायचं असतं, म्हणून कमरेत १०० मिलिमीटरहून रुंद आणि डोक्यापर्यंत पोचणारी लांब स्की. पण तिथवर जायला दोन-तीन हंगाम घालवावे लागतात.

यंदा १३५च्या दोन जोड्या कमी पडताहेत. त्या मिळाल्या की जानेवारीच्या तुकडीत आणखी दोघींची नावं घेता येतील.