मंडळीचा इतिहास, महिना सहावा : वर्गणीची वही सापडली

गेल्या खेपेला मी कोनशिलेपाशी अडलो होतो. भायखळ्याच्या बाजूला असलेल्या आमच्या मराठी मेथडिस्ट मंडळीच्या (मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) कोनशिलेवर एक साल कोरलंय आणि बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पहिली नोंद त्याच्या कितीतरी आधीची. मग मंडळी सुरू झाली कधी?

खरं तर हा घोळ मुंबईतल्या सगळ्याच मेथडिस्टांचा. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१च्या नोव्हेंबरात इथे आले, सभा घेतल्या आणि त्या ऐकणाऱ्यांचे गट घराघरांत भरू लागले. इमारती मागाहून आल्या. परदेशच्या पैशावर विसंबायचं नाही, मंडळीचा खर्च मंडळीने उचलायचा, हा टेलर यांचा हट्ट. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांना तो पटणारच होता. ते १८४८पासून मुंबईत, मिशनचा पगार कधीच सोडलेला, राहणी फकिरासारखी. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

म्हणजे जुन्यातला जुना कागद हवा असेल तर पैशाच्या मागे जायचं, एवढं डोक्यात आलं. शिवाय मेथडिस्टांचे 'वर्ग', म्हणजे सभासदांचे छोटे गट, मुळात वर्गणीतूनच निघाले. १७४२मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला माणशी आठवड्याला एक पेनी ठरली, ती गोळा करायला बाराबारा जणांमागे एक पुढारी नेमला आणि पैसे मागता मागता तो घरच्यांची विचारपूसही करू लागला.

पाळकसाहेबांनी तीन घरं सुचवली. दोन घरी चहा मिळाला. तिसऱ्या घरी आजींनी ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची वही काढली. "घेऊन जा, पण पानं मोजून परत आण," म्हणाल्या.

वहीवर साल नाही! पहिले दोन दिवस आकड्यांशेजारच्या उभ्या रेघा मला खाडाखोड वाटत होत्या. मग वडिलांची जुनी किराणा-वही आठवली : एक रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यानंतर वाचन सुरळीत झालं. खरी मजा मधल्या पानावर. तिथे आणे संपतात आणि 'न.पै.' सुरू होतात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. लोक आणे लगेच विसरले नाहीत, त्यामुळे ते पान त्या तारखेच्या आधीचं नाही एवढंच नक्की. पण १९६४मध्ये 'नवे' हा शब्द गळला, तेव्हा वरचीही हद्द मिळाली. तिथून मागे पानं मोजत गेलो तर वहीची सुरुवात चाळीसच्या दशकात पडते. कोनशिलेचं कोडं याने सुटत नाही, हे मान्य.

पण रजिस्टरात न दिसलेल्या बायका इथे दिसतात. रजिस्टरात 'अमुकची पत्नी', इथे स्वतःच्या नावापुढे दोन आणे. एकीच्या नावापुढे सलग पाच आठवडे रेघच नाही, सहाव्याला थकबाकीसकट सगळे जमा. गिरणी बंद होती की घरी आजारपण, वही बोलत नाही.

फोटो काढताना एक चूक केली : फ्लॅशमुळे शाईवर चमक आली, निम्मी पानं परत घेतली. आता खिडकीपाशी, सकाळी नऊच्या आत. कुणाकडे अशी जुनी वही असेल तर पैसे कुठल्या खुणांनी लिहिलेत ते आधी बघा.

आजींची वही येत्या रविवारी परत करायची आहे. पानं १८८, दोनदा मोजली.