जुनापाणीची शिळावर्तुळं, आणि घरं कुठे?

रविवारी सकाळी तर्रीपोहे खाऊन काटोल रोडला लागलो, गाडीवर मागे माझा आर्कियॉलॉजीवाला मित्र. जुनापाणी शहरापासून दहा-बारा किलोमीटर, आणि इतकी वर्षं नागपुरात राहून मी पहिल्यांदाच गेलो! झुडपांमधून जिकडे बघावं तिकडे काळ्या दगडांची वर्तुळं, तीनशेच्या आसपास आहेत. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले. त्यातून बोट फिरवलं आणि अंगावर काटा आला.

मी म्हटलं अश्मयुग, तर त्याने तिथेच थांबवलं. नवाश्मयुगात माणूस घासलेली दगडी हत्यारं वापरत शेती करायला, एका जागी राहायला लागला, ही वर्तुळं त्याच्या फार नंतरची, लोहयुगातली, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आणि ही थडगी आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्येच यांच्याबद्दल लिहिलंय, 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे खोदकाम केलं. जवळच्या माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोडे आणि त्यांचे तांब्याचे दागिनेसुद्धा निघाले.

मग मी विचारलं, मेल्यावर इथे आणलं, पण जिवंतपणी राहत कुठे होते? त्याचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला, दगड शेकडो वर्षं तसाच राहतो, कुडाचं घर दोन पावसाळ्यांत बसतं, उरतात फक्त खांबांचे खड्डे, चुलीची राख, खापरं, आणि ती ओळखायला मातीचा रंग वाचता यावा लागतो. म्हणून मला नायकुंड फार मोलाचं वाटतं. पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठी. तिथे 1978-80 मध्ये शां. भा. देव आणि जामखेडकर या पुरातत्त्वज्ञांना वर्तुळांसोबत वस्तीही सापडली, जळके धान्याचे दाणे सापडले आणि लोखंड गाळायची भट्टी, भात्याच्या नळीसकट! कोणीतरी तिथे घाम गाळत भाता मारत होतं, कोणाच्या तरी घरी भात शिजत होता, हे वर्तुळ बघून कसं कळणार?

परतताना टपरीवर चहाला थांबलो तर शेजारचे एक काकाजी आमचं बोलणं ऐकत होते, म्हणाले आमच्या गावाजवळ पांढरीचं टेकाड आहे, लहानपणी तिथून बंड्या भरभरून माती शेतात टाकायचो, खापरं तर लय निघायची. जुनी वस्ती कुजून, राख मिसळून माती अशी पांढरी होते म्हणे, गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगाच नाही. मित्राने चहा तसाच ठेवला आणि विचारलं, काकाजी, गाव कोणतं? पुढच्या रविवारी जातोय.