एका वाट्याची किंमत

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि कशावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. लिहायचं ते गणिताच्या सरांवर. कोणते सर, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

शाब्दिक उदाहरण दिलं की सर लगेच आकडेमोड करू देत नसत. आधी विचारत, "वस्तू मोजायची की मापायची?" कोकमाचं आगळ मापायचं, तिथे अडीच लिटर हे उत्तर चालतं. आंबे, नारळ, मुलं मोजायची. तिथे वाटा, म्हणजे गुणोत्तरातला एक भाग, पूर्ण संख्येतच यायला हवा. वर्गात ४० जण आणि मुलगे-मुलींचं गुणोत्तर ४:३, हे उदाहरणच चुकीचं, कारण ४० ला ७ ने भाग जात नाही. मात्र गुणोत्तर आधी संक्षिप्त करायचं. ६:४ तसंच ठेवून एकूण संख्या १० च्या पटीत शोधली, तर १५ सुटून जातात. ३:२ केलं की ५ ची पट पुरते.

एककाबाबत तर सर फार कडक. २ डझन आणि ३६ नग यांचं गुणोत्तर १:१८ नव्हे; २४:३६, म्हणजे २:३. आपल्याकडे आंबा डझनावर आणि नारळ शेकड्यावर, त्यामुळे ही चूक हमखास होते.

त्यांचं पेटीचं उदाहरण आठवत नसेल असा विद्यार्थी विरळा. हापूस आणि पायरी ७:२. एकूण आंबे २५० ते ३०० च्या दरम्यान. सगळे मिळून चार डझनांच्या पेट्यांत भरले, एकही उरला नाही. पायरी किती? फळ्यावर ९ × ४८ = ४३२ यायचं आणि वर्ग म्हणायचा, उत्तरच नाही. सर ४३२ पुसत नसत. त्याच्याशेजारी लिहीत: ९ = ३ × ३, ४८ = ३ × १६. दोघांतला सामाईक ३ गुणाकारात दोनदा धरला गेला. लसावि १४४, त्याची दुप्पट २८८. भागिले ९, एक वाटा ३२. पायरी ६४, हापूस २२४. मग ताळा: बेरीज २८८, पेट्या ६, बाकी शून्य. ताळ्याशिवाय सरांनी कधी गुण दिले नाहीत, आणि ते योग्यच होतं.

याच कारणाने ३६ ने भाग जातो का, याची कसोटी ४ आणि ९ ने लावायची, ३ आणि १२ ने नाही. १२ लाच ३ ने आणि १२ ने भाग जातो, ३६ ने जात नाही. जोडी सहमूळ हवी, म्हणजे दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नको.

नारळ आणि शहाळी ५:३, २४ नारळ विकल्यावर दोन्ही सारखे. इथे ५ मधून २४ वजा करू पाहणारे गोंधळतात. फरक दोन वाट्यांचा, म्हणून वाटा १२. नारळ ६०, शहाळी ३६.

आज रत्नागिरीत मी गणित शिकवतो. माझे विद्यार्थी शिष्यवृत्तीत चमकतात, त्याचं श्रेय सरांचं. चौथी-सातवीची ती परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला होती. मुलं चार पर्याय उदाहरणात घालून बघतात, याचं वाईट वाटतं. पायरी २ च्या पटीत, हापूस ७ च्या पटीत, एवढ्यावर काही पर्याय गळतात हे खरं. पण पर्याय दिलेलेच नसले तर वाटा काढावा लागतो, आणि तो सरांइतका स्वच्छ शिकवणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.