मधली तेरा वर्षं

रविवार, ९ फेब्रुवारी. रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत.

झोप येत नाहीये. ज्या अल्बममुळे येत नाहीये तो नेमका झोपेतल्या त्रासांवरच आहे. ड्रीम थिएटर या बँडचा 'पॅरासोम्निया'. शुक्रवारी आला, आज दुपारी बारक्याकडे जमून सगळ्यांनी सलग ऐकला. एकाहत्तर मिनिटं. शेवटचं गाणं तर एकोणीस मिनिटांचं, पण चहालासुद्धा कोणी उठलं नाही.

त्यांचा जुना ड्रमर पोर्टनॉय परत आलाय ना. २०१० साली सोडून गेला, २०२३ मध्ये परतला आणि परतल्यावरचा हा पहिला अल्बम. 'नाइट टेरर' ऑक्टोबरपासून ऐकतोच आहोत, तरी आज ते संपल्यावर बारक्या डोळे मिटून म्हणाला, "आत्ता कसं घरचं वाटतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग मधली तेरा वर्षं आपण काय लॉजवर राहत होतो?

हे तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो. बसमध्ये सुचलं, कॅडबरी जंक्शनच्या सिग्नलला, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्या तेरा वर्षांत ड्रम वाजवणाऱ्या मँजिनीचं नाव दुपारभरात एकदाही कोणी काढलं नाही. बर्कली संगीत महाविद्यालयातली शिकवायची नोकरी सोडून आला होता तो माणूस. सात जणांच्या ऑडिशनमधून निवडलेला. पाच अल्बम वाजवले. बँडला पहिलं ग्रॅमी मिळालं २०२२ मध्ये, तेव्हा ड्रमवर तोच होता. आणि लोकांची तक्रार काय, तर फार अचूक वाजवतो! अचूक वाजवणं हा कधीपासून गुन्हा झाला?

आमच्या बँडचा आधीचा ड्रमर, दादा, त्याची बदली इथे जवळच ऐरोलीला झालीय. कोलशेतला घर बघतोय म्हणे. ग्रुपवर परवा बातमी आली, त्याखाली आगीच्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. पुढे काय, ते कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच नाही. प्रॅक्टिसच्या खोलीत ड्रमसेट एकच आहे, स्टूलही एकच. हिशोब सगळ्यांना येतो.

पोर्टनॉयला निदान तिष्ठावं तरी लागलं. गेला, काही महिन्यांत परत यायचं म्हणाला, तेव्हा बँडने नाही सांगितलं. मग कितीतरी वर्षांनी बँडचा गिटारिस्ट पेत्रुचीच्या सोलो अल्बमवर वाजवलं, हळूहळू बर्फ वितळला. आमच्या दादाला काय, एक मेसेज पुरला.

हे लिहून झाल्यावर वाचलं. किती रडका सूर लागलाय.

खरं काय ते लिहायचं तर चौथ्या का पाचव्या गाण्यात ड्रमचा एक फिल, म्हणजे दोन ओळींमधला छोटा तुकडा आला, नेहमीच्या जागेच्या जरा अलीकडे सुरू होऊन सगळे टॉम धुंडाळत खाली उतरणारा, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नाव न सांगताही कळलं असतं कोण वाजवतंय. मँजिनीच्या पाच अल्बमांत असा काटा मला किती वेळा आला, ते इथेही लिहिणार नाही. म्हणजे मीसुद्धा बारक्याच. आणि दादाचा हात तसाच आहे. एक ठोका चुकेल, पुढच्या चार मापांत अख्ख्या खोलीला उचलून नेईल. मी चुकत नाही. नऊ वर्षांत मोजून चार-पाचदा.

बायकोला जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते डबडं इथून जाणार ना? मिक्सर ठेवायला जागा होईल." बरं झालं, कोणाला तरी निखळ आनंद झाला.

डबडं म्हणजे दादाचा स्नेअर ड्रम. जाताना "सांभाळ" म्हणून माझ्याकडे टाकलेला. कडेला त्याने चिकटवलेली टेप अजून तशीच आहे, काळी पडून तिची कोपरं वर आलीत, पण मी काढली नाही. बाकी आतल्या तारा माझ्या, दोन स्क्रू माझे, वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, तर कितव्यांदा बदललं आठवतही नाही. आत्ताचं पंधरा दिवसांपूर्वी टाकलंय. मध्यभागी अजून पांढरं पडलेलं नाही, नखाने वाजवलं तरी टणकन बोलतं.

ते काढून घ्यावं आणि जुनं लावून परत द्यावं, असं मघाशी मनात आलं. जुनं फेकलेलं नाहीये मी. माळ्यावर आहे, मधोमध खळगा पडलेलं.

हेड सोडवायची ड्रमची चावी शोधली. सापडली नाही. बहुतेक बारक्याकडेच राहिली.